एका थेरपिस्टकडे किती माणसे द्यावीत? समुपदेशन केंद्र नव्याने सांभाळणाऱ्यांसाठी

अपॉइंटमेंटची वही पहिल्यांदा माझ्या ताब्यात आली तेव्हा मी तिच्यात प्रत्येक थेरपिस्टच्या नावापुढे रोजचे आठ चौकोन आखले होते. सकाळी दहा ते संध्याकाळी सात, दुपारी तासभर जेवण, तासाला एक माणूस. बारावीच्या निकालानंतरचे दिवस होते, फोन थांबत नव्हते, आणि चौकोन भरले की मला काम मार्गी लागल्यासारखे वाटायचे.

अशाच एका बुधवारी संध्याकाळी दुसऱ्या दिवशीची यादी द्यायला मी आमच्या एका सहकारी थेरपिस्टच्या खोलीत गेले. टेबलावर फाइल उघडी होती, पेनाचे टोपण काढून ठेवलेले, आणि पानावर फक्त तारीख. त्या म्हणाल्या, "ताई, दुपारी तीनला आल्या होत्या त्या बाईंचं नाव मला आठवत नाहीये. काय बोलल्या तेही नीट आठवत नाहीये." त्या दिवशी त्यांनी सात जणांना पाहिले होते. दोन वाजता आलेले गृहस्थ तरुण मुलगा गमावलेले वडील होते. त्यांच्या पाठोपाठ, मध्ये पाच मिनिटेही न सोडता, मीच त्या बाईंना आत पाठवले होते.

त्या रात्री मी पहिल्यांदा कागदावर तास मोजायला बसले. पुढे जे लिहिते आहे ते तेव्हापासून शिकत गेलेले आहे. तुम्ही एखाद्या संस्थेचे, रुग्णालयाचे किंवा महाविद्यालयाचे समुपदेशन केंद्र नव्याने सांभाळत असाल, तुमच्याकडे दोन-चार थेरपिस्ट असतील आणि दारात त्यांना पेलणार नाहीत इतकी माणसे असतील, तर याच क्रमाने जा.

१. थेरपिस्टचे वर्ष किती तासांचे, ते आधी काढा

कोणत्या कामाला किती माणसे लागतात हे मोजायची एक पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये पुस्तिकारूपाने दिली आणि २०१० मध्ये सुधारून पुन्हा काढली. तिचे नाव 'वर्कलोड इंडिकेटर्स ऑफ स्टाफिंग नीड', बोलताना 'विस्न'. लोकसंख्येमागे इतके कर्मचारी असले पाहिजेत असे ती सांगत नाही. तुमच्याकडे प्रत्यक्ष काम किती आहे आणि ते नीट करायला किती वेळ लागतो, यावरून ती माणसे काढते. लहान केंद्रालाही ती लागू पडते, आणि त्यासाठी वही-पेन व कॅल्क्युलेटर पुरतो.

पहिला आकडा वर्षातल्या कामाच्या तासांचा. समजा केंद्र सोमवार ते शनिवार उघडे असते. ५२ आठवडे गुणिले ६, म्हणजे ३१२ दिवस. त्यातून सणवार आणि राष्ट्रीय सुट्ट्या १४, किरकोळ आणि हक्काची रजा मिळून २४, आजारपण ६, प्रशिक्षण ६ असे ५० दिवस वजा करा. उरले २६२. जेवण आणि चहा सोडून दिवसाचे ७ तास धरले तर वर्षाचे १८३४ तास होतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्याकडच्या रजेच्या नियमांप्रमाणे तुमचे घाला. मात्र आजारपणाचे आणि प्रशिक्षणाचे दिवस गाळू नका. माणसे आजारी पडतातच, आणि ते दिवस न धरता आखलेले वेळापत्रक पहिल्याच तापाला कोसळते.

आता या सात तासांतून सगळ्यांनाच करावी लागणारी इतर कामे काढा. आठवड्याची बैठक एक तास, सुपरव्हिजन (ज्येष्ठ सहकाऱ्यासोबत बसून आपल्या केसेसची चर्चा) एक तास, महिन्याचा अहवाल आणि रजिस्टर मिळून आठवड्याला एक तास, आणि फोन, निरोप, डॉक्टरांशी किंवा शाळेशी बोलणे यात रोजचा अर्धा तास, म्हणजे आठवड्याला तीन. एकूण सहा. आठवड्याच्या ४२ तासांतले सहा म्हणजे दिवसाच्या सातांतला एक. माणसांसाठी थेरपिस्टकडे रोज सहा तास उरतात, वर्षाला १५७२. रोजचे आठ चौकोन मी कोणत्या वेळेतून आखले होते, हे त्या रात्री याच ओळीवर माझ्या लक्षात आले.

२. एका सेशनला खरा वेळ किती जातो

सेशन पन्नास मिनिटांचे, हे सर्वांना माहीत असते. पण त्याआधी मागची नोंद वाचायला पाच मिनिटे लागतात, नंतर नोट्स लिहायला दहा-पंधरा. शिवाय एका माणसाचे दुःख ऐकून दुसऱ्याला सामोरे जाण्याआधी पाणी पिणे, खिडकीपाशी उभे राहणे, यालाही पाच मिनिटे लागतात, आणि ती मी आता हिशेबातच धरते. सगळे मिळून नेहमीचे सेशन सव्वा तासाचे होते.

पहिली भेट दोन तासांची धरा. पूर्ण माहिती घेणे, संमतिपत्र समजावणे, गरज पडल्यास घरच्यांशी बोलणे, केस हिस्टरी लिहिणे हे सगळे तिच्यात येते. नवरा-बायको किंवा आई-वडील-मुलगा अशी कुटुंबाची बैठक पावणेदोन तास. आणि न आलेल्या माणसाचाही वेळ लागतो. वाट पाहणे, फोन करणे, नोंद करणे यात अर्धा तास सहज जातो. 'आले नाहीत, म्हणजे मॅडम मोकळ्या' असे समजून त्या वेळेत दुसरे कोणी बसवायची सवय आमच्या रिसेप्शनलाही होती. ती मोडायला बराच काळ लागला.

ही प्रमाणे तुम्ही एकट्याने टेबलावर बसून ठरवू नका. थेरपिस्टना दोन आठवडे प्रत्येक कामाची सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहायला सांगा आणि त्यावरून सर्वांनी मिळून ठरवा. हे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी नाही, हे आधीच स्पष्ट सांगा. नाहीतर लोक खऱ्या वेळेऐवजी तुम्हाला बरी वाटेल ती वेळ लिहितील.

३. गेल्या वर्षाचे रजिस्टर उघडा

आता गेल्या वर्षी किती काम झाले ते मोजा. एक नमुना देते:

नवीन माणसे ४२०, प्रत्येकी दोन तास: ८४० तास.
नेहमीची सेशन २६००, प्रत्येकी सव्वा तास: ३२५० तास.
कुटुंबाच्या बैठका १८०, प्रत्येकी पावणेदोन तास: ३१५ तास.
न आलेले ३६०, प्रत्येकी अर्धा तास: १८० तास.

बेरीज ४५८५ तास. याला १५७२ ने भागा, उत्तर येते २.९२. शिवाय काही कामे एकाच व्यक्तीकडे असतात. ज्येष्ठ थेरपिस्ट इतरांच्या सुपरव्हिजनला आठवड्याला तीन तास देतात, वर्षाचे साधारण १३१. एक जण वर्षातून वीस वेळा शाळेत चार-चार तास जातो, ते ८०. हे २११ तास १८३४ ने भागले की ०.१२ येतात. एकूण ३.०४, म्हणजे तीन पूर्णवेळ थेरपिस्टचे काम. तुमच्याकडे दोनच असतील तर २ भागिले ३.०४, म्हणजे ०.६६. हा आकडा एकच्या जितका खाली, तितका माणसांवर ताण जास्त. दोन केंद्रांची तुलना करून नवी व्यक्ती आधी कुठे द्यायची हेही यावरून ठरवता येते.

रजिस्टरमधली एक गोष्ट मात्र या बेरजेत दिसत नाही: महिना. मे-जूनमध्ये दहावी-बारावीचे निकाल आणि प्रवेश, त्या वेळी आमच्याकडे नव्या माणसांची रीघ लागते. गणपतीत आणि दिवाळीत फोन कमी होतात आणि सुट्ट्या संपल्या की दुप्पट येतात. म्हणून वर्षाची सरासरी काढून गप्प बसू नका. महिनावार आकडे शेजारी लिहा, आणि प्रशिक्षणे, शिबिरे, मोठ्या रजा शांत महिन्यांत टाका. जूनमध्ये कार्यशाळेला पाठवलेला थेरपिस्ट परत येतो तेव्हा त्याच्या टेबलावर दोन आठवड्यांचा ढीग असतो.

४. आठवड्याचे वेळापत्रक

वरच्या हिशेबावरून दिवसाचा अंदाज आपोआप निघतो. सहा तासांत सव्वा तासाची चार सेशन आरामात, पाच ओढून-ताणून. एक नवीन माणूस असेल तर त्याच्यासोबत तीन जुनी. सहावे सेशन द्यावेसे वाटले की आधी विचारा, आजच्या नोट्स कधी लिहिल्या जाणार? बहुतेक वेळा उत्तर 'घरी, रात्री' असे असते.

आठवड्याच्या ३६ तासांची माझी मांडणी अशी असते. नवीन तीन माणसे, सहा तास. जुनी १९ सेशन, पावणेचोवीस तास. उरलेल्या सव्वासहा तासांत कुटुंबाच्या बैठका, न आलेल्यांचे फोन आणि अचानक दारात उभी राहणारी तातडीची केस. ही मोकळी जागा भरून टाकायचा मोह फार होतो. पण ती भरलीत तर रात्री झोपेच्या गोळ्या घेतलेल्या मुलीला घेऊन आई सकाळी दारात उभी राहते, तेव्हा कोणाला तरी उठवून तिला बसवावे लागते, आणि उठवलेला माणूसही आपले दुःख घेऊनच आलेला असतो.

एका थेरपिस्टच्या नावावर एकूण किती माणसे असावीत, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. तो मी मुद्दाम इतक्या उशिरा घेतला, कारण त्याचे उत्तर भेटींच्या अंतरावर असते. १९ सेशनमध्ये आठवड्याला येणारे ८, पंधरवड्याला येणारे १६ आणि महिन्याला येणारे १२ बसतात, म्हणजे ३६ जण. सगळेच आठवड्याला येणारे असतील तर १९ जणांतच वही भरते. 'माझ्याकडे फक्त वीस केसेस आहेत' म्हणणारी थेरपिस्ट चाळीसवालीपेक्षा जास्त थकलेली असू शकते.

५. केसचे वजन

तास मोजून झाले तरी काम मोजून झालेले नसते. परीक्षेची भीती घेऊन आलेला विद्यार्थी आणि नुकताच आत्महत्येचा प्रयत्न केलेली स्त्री, दोघांनाही पन्नास मिनिटेच मिळतात. थेरपिस्टच्या अंगावर मात्र ती सारखी पडत नाहीत.

आम्ही प्रत्येक केसला एक, दोन किंवा तीन असे वजन देतो. तीनमध्ये आत्महत्येचा धोका, लैंगिक अत्याचार, सुरू असलेली घरगुती हिंसा, जवळच्या माणसाचा अकाली मृत्यू, आणि व्यसनासोबत घरात मारहाण. मुलांच्या लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यामुळे तिथे सेशनबाहेरचे कामही वाढते: लेखी कळवणे, पालकांना धीर देणे, पुढे कधी न्यायालयात साक्ष. ते तास वेगळे धरा.

माझे नियम थोडे आहेत. एका दिवसात एका थेरपिस्टकडे तीन वजनाच्या दोनपेक्षा जास्त केसेस नाहीत. त्या लागोपाठ नाहीत. दिवसाचे शेवटचे सेशन जड नाही, कारण ते घेऊन माणूस थेट घरी जातो. नवशिक्या थेरपिस्टकडे पहिले सहा महिने आत्महत्येचा धोका असलेली केस एकटीने नाही, ज्येष्ठ सहकाऱ्याच्या सोबतीने. आणि वाटप रिसेप्शनवर 'कोणाचा चौकोन रिकामा' यावरून होऊ नये. दर सोमवारी पंधरा मिनिटे बसून नव्या केसेस एकत्र वाटा. ज्या थेरपिस्टचा स्वभाव नाही म्हणण्याचा नाही, तिच्याकडेच सगळ्या जड फायली जमतात, हे या पंधरा मिनिटांत उघडे पडते.

६. वेटिंग खरे सांगा

बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले की वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. म्हणून दारात आलेल्या माणसाला 'तीन आठवड्यांनी या' म्हणताना जीव तुटतो. माझाही तुटतो. पण थकलेल्या थेरपिस्टसमोर आजच बसवून त्याचे भले होत नाही.

वेटिंग ठेवायचेच असेल तर नीट ठेवा. फोन आल्यापासून दोन दिवसांत थेरपिस्टने किंवा प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याने उलट फोन करून दहा मिनिटे बोलावे. त्रास काय आणि कधीपासून, जीव द्यावासा वाटतो का, घरी सोबत कोण आहे. दुसरा प्रश्न सरळ शब्दांत विचारायचा. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणारे कोणी भेटले याने माणसाला मोकळे वाटते. धोका असेल तर वेटिंग नाही, त्याच दिवशी भेट किंवा रुग्णालय. बाकीच्यांना तारीख सांगा, 'कळवू' म्हणून सोडू नका. आणि १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लिहून द्या. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ही सेवा चोवीस तास विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. दर पंधरा दिवसांनी यादीतल्या प्रत्येकाला एक फोन करा. काहींचा त्रास वाढलेला असतो, काही दुसरीकडे गेलेले असतात, आणि यादी खरी राहते.

७. सगळेच काम थेरपिस्टचे नसते

तिसरा थेरपिस्ट मागण्याआधी हे पाहा की दोघे जण जे करत आहेत त्यातले किती त्यांनीच करायला हवे. आमच्याकडे थेरपिस्ट प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढत होत्या आणि उद्याच्या भेटींचे आठवणीचे मेसेज पाठवत होत्या. ते काम रिसेप्शनकडे गेल्यावर थेरपिस्टचे तासही वाचले आणि आदल्या दिवशी वेळेवर मेसेज गेल्याने न येणारेही कमी झाले.

याहून मोठी गोष्ट गोव्याने दाखवली आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकरवी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ सेशनची एक ठरावीक पद्धत दिली. नाव 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम'. माणसाला त्याच्या रोजच्या आयुष्यातली सुटलेली कामे आणि माणसे हळूहळू पुन्हा धरायला लावणे हे तिचे सूत्र. तिची रीतसर चाचणी झाली, २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले, आणि त्यांत नैराश्याची तीव्रता खरोखर कमी झालेली दिसली. नाशिक जिल्ह्यात सुरू होऊन पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात गेलेल्या 'आत्मीयता' प्रकल्पातही गावातलेच स्वयंसेवक पहिला आधार देतात.

यातून केंद्रासाठी दोन धडे घ्या. एक, सौम्य त्रासासाठी प्रशिक्षित समुपदेशक, गट-सेशन, स्वमदत गट हे आधी ठेवा आणि थेरपिस्टचे तास अवघड केसेससाठी राखा. स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घ आजारात शुभार्थी (आजार असलेली व्यक्ती) आणि शुभंकर (तिची काळजी घेणारे) यांचे गट महाराष्ट्रात काही ठिकाणी उत्तम चालतात; जवळपास असेल तर त्यांच्याशी नाते जोडा. दुसरा, सेशनना ठरावीक टप्पा द्या. सहा सेशन झाली की थांबून पाहायचे: नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ सारख्या साध्या प्रश्नावलीचे गुण कमी झाले का, माणूस काय म्हणतो, पुढे हवे की अंतर वाढवायचे. आमच्या रजिस्टरमध्ये दीड वर्ष दर आठवड्याला येणारे काही जण होते, ज्यांच्याशी हे बोलणे कोणी केलेच नव्हते. त्यांतल्या एका काकांना विचारल्यावर ते म्हणाले, "मला वाटलं, यायचं थांबवलं तर मॅडमना वाईट वाटेल."

औषधे लागणारी माणसे पाठवायला जागा आधीच ठरवून ठेवा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची यंत्रणा असते. कर्नाटकातल्या बेल्लारीच्या प्रयोगावरून १९९६ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता आणि परिचारिका अशी पदे आहेत. दाखल करण्याची वेळ आली तर ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथल्या लोकांना एकदा प्रत्यक्ष भेटून या. ओळखीच्या माणसाला केलेल्या एका फोनने थेरपिस्टचे दोन तास वाचतात.

८. सुपरव्हिजनचा तास हलवू नका

गर्दी वाढली की सर्वांत आधी कापला जातो तो हाच तास. मीही कापला आहे, आणि दोन महिन्यांत त्याचे परिणाम फायलींत पाहिले आहेत. ज्येष्ठ कोणी नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञांना महिन्यातून दोनदा ऑनलाइन घ्या आणि मधल्या आठवड्यांत सहकाऱ्यांनीच बसा. गोव्याच्या त्या समुपदेशकांनीही गटात बसून, संमतीने केलेली एकमेकांच्या सेशनची ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांना गुण दिले आणि चर्चा केली. सुपरव्हिजनचा मोठा भाग त्यांनी स्वतःच सांभाळला. केसची चर्चा करताना नावे घेऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने गोपनीयता हा व्यक्तीचा हक्क म्हणून दिला आहे.

९. थकवा दिसतो कसा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळलेला दीर्घ ताण असे म्हटले, आणि तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्याची भावना, कामाशी तुटलेपण, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. कामाच्या ठिकाणचा, हे शब्द केंद्र चालवणाऱ्याने नीट वाचावेत.

वहीत तो असा दिसतो. नोट्स आठवडाभर मागे पडतात. त्या दोन-तीन ओळींच्या आणि सगळ्यांच्या सारख्याच होतात. पेशंट आला नाही असे कळल्यावर चेहऱ्यावर सुटका दिसते. चेष्टा-मस्करी करणारी व्यक्ती डबा खोलीत एकटी खाऊ लागते. हे दिसले की 'योग कर, सुट्टी घे' म्हणून मोकळे होऊ नका. आधी तिचे वेळापत्रक काढा, वजने मोजा, चार आठवडे नवीन केसेस थांबवा, एक-दोन जड केसेस संमतीने दुसऱ्याकडे द्या. सुट्टीवरून परत येणाऱ्या माणसाला तेच आठ चौकोन भेटणार असतील तर ती सुट्टी वाया जाते. तिला स्वतःला थेरपी हवी असेल तर ती केंद्राबाहेरच्या व्यक्तीकडे, आणि तुम्ही त्याबद्दल काही विचारू नका.

१०. माणूस घेताना आणि जाताना

पदवी नीट तपासा. मानसशास्त्रात एम.ए. झालेली व्यक्ती चांगली समुपदेशक होऊ शकते, पण पाटीवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण आणि नोंदणी लागते.

मोबदल्याबद्दल माझे मत ठाम आहे. सेशनमागे पैसे दिले की नोट्स, फोन, सुपरव्हिजन आणि न आलेला पेशंट हे सगळे फुकटचे काम होते, आणि घरखर्च चालवायला थेरपिस्ट स्वतःच सातवे सेशन मागून घेतो. पूर्ण पगार परवडत नसेल तर निदान दिवसाचे मानधन ठरवा.

या क्षेत्रात स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. प्रसूती रजा कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची आहे. ती आनंदाची बातमी कळेल त्याच आठवड्यात बदली व्यक्तीचा शोध सुरू करा, म्हणजे ती सांगताना कोणाला अपराधी वाटणार नाही.

आणि कोणी नोकरी सोडत असेल तर निरोपाची सेशन वेळापत्रकात टाका. थेरपिस्ट गेल्याचे रिसेप्शनवर कळलेला पेशंट पुन्हा येत नाही, हे मी पाहिले आहे. निदान सहा आठवडे आधी यादी करा: कोणाचे काम संपवता येईल, कोण नव्या थेरपिस्टकडे जाईल, कोणाला बाहेर पाठवायचे. जड केसेसमध्ये जुनी आणि नवी थेरपिस्ट दोघींनी मिळून एक सेशन घ्यावे. त्या काळात जाणाऱ्या व्यक्तीकडे नवीन माणूस देऊ नका.

११. विश्वस्तांसमोर

"आमचे डॉक्टर ओपीडीत साठ पेशंट बघतात, तुमच्या मॅडम पाचच का?" हा प्रश्न येणारच. चिडू नका, विचारणारे पैशाची जबाबदारी घेऊन बसलेले असतात. एक पान समोर ठेवा: तिसऱ्या पायरीची बेरीज, आत्ताचे प्रमाण, वेटिंगचे आठवडे, आणि नवीन व्यक्ती आल्यास वेटिंग किती उतरेल. त्याखाली दुसरा पर्यायही लिहा: माणूस देता येत नसेल तर कोणते काम थांबवायचे. शाळांची भेट की शनिवार? हे त्यांनी ठरवावे, तुम्ही गुपचूप थेरपिस्टच्या जेवणाच्या सुट्टीतून काढू नये.

दर तीन महिन्यांनी हेच पान नव्या आकड्यांनी भरा, पद मिळाले तरी आणि नाही मिळाले तरी. आम्ही ज्या संस्थेसोबत होतो तिथे पहिल्या बैठकीत नकार आला, दुसऱ्या बैठकीत चर्चा पुढे ढकलली गेली, आणि चौथ्या पानानंतर अर्धवेळ जागा मंजूर झाली. ती मिळण्याआधीच चौकोन आठाचे पाच झाले होते. त्या सहकारी बाईंच्या वहीत बुधवारी दुपारी तीननंतर कोणाचे नाव लिहीत नाहीत. तो वेळ फायलींचा आहे, आणि सेशनला आलेल्या प्रत्येकाची नोंद त्यात पूर्ण असते.